साळवे बाईंच्या दहा उठाबशा

आमच्या शाळेत पी.टी.चा तास वेळापत्रकात साळवे बाईंच्या नावावर असायचा आणि प्रत्यक्षात जिचा पोर्शन मागं पडलाय तिचा असायचा. माझा पोर्शन कायम मागं. दहावीला गणित शिकवायचे मी. औरंगपुऱ्यातल्या एका बोळात आमची मुलींची शाळा. मैदान म्हणजे मागच्या बाजूची शहाबादी फरशी, आणि त्यातल्या अर्ध्या भागात शिक्षकांच्या गाड्या. उरलेल्या अर्ध्यात साळवे बाई पोरींच्या रांगा लावत असायच्या आणि मी वरच्या गॅलरीतून हाक मारायचे, बाई, आजचा तास मला द्या हो, भूमिती राहिलीय.

त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. अट एकच घालायच्या.

"देते. पण आधी पोरींकडनं बाकावरनं दहा उठाबशा करून घ्या. हात न टेकता. मग काढत बसा तुमची वर्तुळं."

मी मान डोलवायची. तास संपून खाली आले की त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्याच. गळ्यात शिट्टी, हात पाठीमागं बांधलेले.

"दहा झाल्या का?"

"झाल्या."

एकदाही झाल्या नव्हत्या. एकोणीस वर्षं मी त्या शाळेत गणिताची बाई म्हणून पगार घेतला आणि एकोणीस वर्षांत मला दहापर्यंत मोजता आलं नाही.

साळवे बाई जाऊन आता दीड वर्ष झालं. त्यांच्याबद्दल चार शब्द लिहावेत असं मला वाटतं त्याचं कारण प्रेम आहे असं मी म्हटलं, तर माझी नातसुद्धा हसेल. माझ्या पायात आज जे बळ आहे ते त्यांचं आहे. त्यांच्या पायातलं जे गेलं त्यात माझा हात आहे. हिशोब इतकाच आहे, पण तो मांडायला मला बहात्तरावं वर्ष उजाडावं लागलं.

बाई दिसायला ठेंगण्या, रुंद, काळ्यासावळ्या. सुती साडी, निऱ्या घोट्याच्या वर खोचलेल्या आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या बुटांवर आम्ही टीचर्सरूममध्ये किती हसलो असू त्याला गणती नाही. मी तर त्यांच्या चालण्याची नक्कलसुद्धा करायचे. माझी नक्कल फार गाजलेली होती. तेव्हा मी चाळिशीला आलेली, देशमुखांची सून, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि डोक्यात हवा. खाली बसणं म्हणजे मोलकरणीचं काम, दोन जिने चढणं म्हणजे नशीब फुटकं, आणि घाम येणं म्हणजे घराण्याची अब्रू जाणं, अशी माझी साधारण शास्त्रं होती. मांडी हा अवयव मला फक्त साडी सारखी करताना आठवायचा.

साळवे बाई टीचर्सरूममध्ये कधी बसायच्या नाहीत. खिडकीपाशी उभ्या राहून डबा खायच्या. आमचे डबे टेबलावर एकीकडून दुसरीकडे फिरायचे, त्यांचा खिडकीच्या कट्ट्यावर एकटा असायचा. साळवे बाईंच्या गुडघ्याला बिजागरीच नाहीये, असा एक विनोद होता. तो माझाच. पुष्कळ वर्षांनी, रिटायर झाल्यावर, एका दुपारी झोप येईना म्हणून मी त्या खोलीतल्या खुर्च्या आठवून आठवून मोजल्या. अकरा होत्या. आम्ही बाया होतो बारा. बारावी खुर्ची कुणी मागवली नव्हती, आणि जिला ती लागायची तिनं मागितली नव्हती. आम्ही एकमेकींना सुधाताई, मंगलताई म्हणायचो. त्यांना मात्र साळवे बाई. का, असं कुणी विचारलं असतं तर आम्ही अकरा जणींनी एका सुरात 'सवय' असं सांगितलं असतं.

बाईंचं माहेर बिडकीनच्या अलीकडचं एक खेडं. आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात ओझी वाहिली. एकदा पावसामुळं शाळा अर्धीच भरली होती आणि गप्पा मारायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी बाईंशी बोलत बसले, तेव्हा त्यांनी आईचं सांगितलं.

आईच्या डोक्यावर ओझं आणि पोटात अन्न नाही. अंगावर मांस नाही, मांडीवर तर मुळीच नाही. मग सगळा भार हाडावर. पन्नाशीतच गुडघे गेले, आणि शेवटची पाच वर्षं ती घरभर बुडावर सरकत हिंडली. अंगणातून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासून चुलीपर्यंत. बाई म्हणाल्या, "लोकं म्हणायची म्हातारपण आहे. म्हातारपण नाय ते. मांडी हमाल असतीय देशमुखबाई, गुडघा नुसता दरवाजा. हमालाला उपाशी ठेवलं की ओझं दारातच पडतंय."

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, तुम्ही हे पाठ करून ठेवलंय की काय. त्या हसल्या. म्हणाल्या, मला मरणाचं भ्या नाय, सरकत जायचं लई आहे.

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं, आणि विसरले.

त्या बोलायच्या कमी, पण एकदा मला भर वर्गात बोलल्या होत्या. एका पोरीला सूत्र आलं नाही म्हणून मी तिला कान धरून पन्नास उठाबशा घालायला लावल्या होत्या. पोरगी तिसाव्या उठाबशीला आली असेल, रडत होती. बाई व्हरांड्यातून चालल्या होत्या, त्या सरळ आत आल्या, पोरीचे हात कानांवरून काढले आणि तिला जागेवर बसवलं. मग माझ्याकडं वळून अगदी हळू म्हणाल्या, "शिक्षा द्यायचीच तर गणितं द्या. पोरी जन्मभर गणिताला शिक्षा समजल्या तरी चालंल."

पोरी खाली माना घालून हसल्या. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. तास मात्र मागितला. त्यांनी दिलाही.

आणि दौलताबादची सहल. किल्ला चढायचा म्हणून सगळ्या बाया सपाट चपला घालून आल्या होत्या आणि मी टाचांच्या सँडल घालून, वर गर्भरेशमी साडी. चढताना मी पोरींच्या पुढं होते, सगळ्यांना ऐकू जाईल इतपत इतिहास सांगत. वर पोचल्यावर फोटोसुद्धा काढून घेतला. खरी गंमत उतरताना झाली. पन्नास-साठ पायऱ्या उतरले आणि दोन्ही मांड्या अशा थरथरायला लागल्या, जशी परातीतली खरवसाची वडी. पुढची पायरी दिसत होती, पाय टाकला की गुडघा आपल्याच मनानं वाकत होता. मी तिथंच बसकण मारली. माकडं जमली. पोरीही जमल्या.

बाई मागून आल्या, माझ्याकडं बघितलं, सँडलकडं बघितलं. "चढताना दम लागतो, उतरताना मांडी लागती," म्हणाल्या. "तुमच्याकडं दम लई आहे."

मग माझ्या सँडल त्यांनी आपल्या पिशवीत टाकल्या, माझ्या एक पायरी खाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, खांद्यावर हात ठेवा. तळापर्यंत मी त्यांच्या खांद्यांवर दोन्ही हात टाकून, अनवाणी उतरले. माझा सगळा भार त्यांच्या अंगावर होता आणि त्यांचा श्वास वाढलेला मला ऐकू आला नाही. इतक्या जवळून मी त्यांना तेवढंच एकदा पाहिलं. तेही मागून, मान आणि अंबाडा.

सोमवारी टीचर्सरूममध्ये विषय निघालाच. मी म्हणाले, अहो, मी कुठं मागत होते मदत, साळवे बाईंना ओझं वाहायची सवयच आहे. सगळ्या हसल्या. बाई खिडकीपाशी डबा खात होत्या. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि खाल्ला. त्यांच्या आईची गोष्ट मला ठाऊक होती, हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं.

त्या माझ्या दोन वर्षं आधी रिटायर झाल्या. निरोपाची भेट काय द्यायची ते ठरवायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझी निवड उत्तम असते असा माझाच प्रचार होता. मी आरामखुर्ची निवडली. वेताची, खोल, मागं रेललेली. समारंभात भाषण केलं, की ज्या बाईंना आम्ही कधी बसलेलं पाहिलं नाही त्यांना आम्ही आज बसवणार आहोत. टाळ्या पडल्या. एकतीस वर्षांत जिला खुर्ची दिली नाही तिला जाताना खुर्ची दिली, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. बाईंच्या शिरलं असावं. त्या खुर्चीत बसल्या, हात मांडीवर ठेवून बघितलं आणि हात न टेकता उभ्या राहिल्या. सोपं नव्हतं ते, ती खुर्ची माणसाला गिळायची. म्हणाल्या, "खुर्ची चांगलीय. पण हिच्यातनं वर यायला मांडी पायजे. बिनमांडीच्या माणसाला देऊ नका कुणी."

हा त्यांच्या भाषणाचा पूर्ण मजकूर.

पुढं वर्षाकाठी एखादा फोन. त्या सिडकोत मुलाकडं, वरच्या मजल्यावर राहायच्या. मुलगा मिलिंद बिडकीनकडच्या एका कंपनीत लागलेला, सून वंदना अतिशय गुणी. बाई रोज तीनदा जिना उतरून चढायच्या, गच्चीत टाकीचा पाइप धरून उठाबशा काढायच्या. शेजारपाजारचे गच्चीवरून बघून हसायचे, हे मिलिंदनं मला नंतर सांगितलं. सत्तरीला आल्या आणि त्यांचा एक गुडघा सुजला. गुडघे त्यांचेही झिजलेलेच होते. लहानपणी ओझी त्यांनीही वाहिली होती. इतकी वर्षं ते बोलले नाहीत, कारण हमाल कामावर होता.

डॉक्टरांनी सांगितलं, सूज उतरेपर्यंत आराम. त्यातलं 'सूज उतरेपर्यंत' घरात कुणाच्या कानात गेलं नाही, 'आराम' तेवढा गेला. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसावर माया दाखवायची एकच रीत आहे: त्याला काही करू द्यायचं नाही. मिलिंदनं बिऱ्हाड तळमजल्यावर आणलं. पण आई ऐकेना. सूज जराशी उतरल्याबरोबर भिंत धरून उठबस करायला लागली. घाबरून त्यानं मला फोन केला.

"मावशी, आई कुणाचंच ऐकत नाय. तुमचं ऐकंल. शाळेतल्या तुम्हीच एक तिच्या जवळच्या."

मी त्यांच्या जवळची, हे मला तेव्हा कळलं. रिक्षा करून गेले. माझेही गुडघे तोवर कुरकुरायला लागले होते आणि मी त्याचा उपाय म्हणून शांतपणे बसून राहत होते, त्यामुळं बसण्यातली मी तज्ज्ञ. बाई पलंगाच्या कडेवर होत्या. मी समजुतीच्या सुरात सुरुवात केली. आयुष्यभर उभ्या राहिलात, आता बसा. सून सेवा करायला तयार आहे, मुलगा सोन्यासारखा आहे, लोक हसतात ते त्याला ऐकावं लागतं. सुख घ्या की थोडं.

"बसले की उठणार नाय, देशमुखबाई."

"मी येईन की उठवायला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. वंदना चहा घेऊन आली, तोवर बघतच होत्या. मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा काळजीनं काय तरी सांगितलं. आता नाय कसं म्हणू?"

आणि उठल्या, चार पावलं चालल्या आणि जाऊन बसल्या. खिडकीपाशी आमचीच खुर्ची होती.

मी घरी आले ती विजयी मुद्रेनं. सगळ्यांना सांगितलं, शेवटी माझंच ऐकलं. उठवायला मात्र गेले नाही. आज जाते, उद्या जाते, माझाच पाय दुखतोय, रिक्षा मिळत नाही, ऊन आहे. सोळा महिने.

त्या सोळा महिन्यांत माझी अवस्था अशी झाली, की देवघरापाशी बसले की मला उठवायला दोन माणसं लागायची. लेकानं एका फिजिओ मुलीकडं नेलं. ती माझ्या नातीएवढी. तिनं मला उताणं झोपवलं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि माझा हात माझ्याच मांडीवर ठेवून म्हणाली, "आजी, टॉवेल खाली दाबा. मांडी घट्ट झाली पाहिजे, गुडघ्याची वाटी वर सरकली पाहिजे. दहा वेळा."

मी विचारलं, दहाच का? ती म्हणाली, सुरुवात आहे, पुढं वाढवू. झिजलेलं मी भरून देऊ शकत नाही आजी, पण मांडी तयार झाली तर गुडघ्यावरचा ताण कमी होईल, दुखणं कमी होईल, जिना चढाल. बसून राहिलात तर मांडी जाते, मांडी गेली की गुडघा जास्त दुखतो, दुखतो म्हणून माणूस आणखी बसतं.

मी छताकडं बघत पडले होते. हे सगळं मी ऐकलेलं होतं. कॅनव्हासचे बूट घातलेल्या बाईकडून, पावसाच्या दिवशी, फुकट.

पण माझा स्वभाव बघा. तीन महिन्यांत मी हात न टेकता खुर्चीतून उठायला लागले आणि मला वाटलं की हा शोध आपण साळवे बाईंना कळवला पाहिजे. पेढे घेतले आणि गेले.

दार वंदनानं उघडलं. अगदी आनंदानं सांगायला लागली, की मावशी, आईंना मी पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही. बाथरूमला धरून नेते, धरून आणते. तिच्या तोंडावर खरंच पुण्य होतं. तिला काय बोलणार? तिला हे काम लावून देणारी मीच.

बाई खुर्चीत होत्या. खुर्चीनं त्यांना पुरतं आत घेतलं होतं. गाऊनमधून दोन मांड्यांचा आकार दिसत होता, मनगटं असावीत तशा. सूज मागेच उतरून गेली होती. पायही तिच्याबरोबर गेले होते. उठवायला गेलं की गुडघे असे दुखायचे, की आता त्या स्वतःच नको म्हणायच्या.

मला बघून म्हणाल्या, "आलात? उठवायला?"

मी पेढ्यांचा पुडा कुठं ठेवू ते बघत राहिले. मग स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले आणि लाज वाटू नये म्हणून भराभर बोलायला लागले. फिजिओ, टॉवेल, वाटी, दहा वेळा. स्वतःचा पाय लांब करून दाखवलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, पहिल्या बाकावरच्या पोरीसारख्या. मध्ये एकदाही म्हणाल्या नाहीत की हे मला माहीत आहे. संपल्यावर विचारलं, कुणी शिकवलं? मी सांगितलं, एक पोरगी आहे. म्हणाल्या, हुशार आहे पोरगी.

मग वंदनाला टॉवेल आणायला सांगितला. वंदना कळवळली, आईंना दुखेल, नको. बाईंनी नुसतं बघितलं. ती नजर फरशीवरच्या रांगांना माहीत होती. टॉवेल आला. आम्ही त्यांचा उजवा पाय दुसऱ्या स्टुलावर लांब केला, खाली गुंडाळी सरकवली. त्यांनी माझा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला. हाताखाली कापड, कापडाखाली कातडं आणि त्याखाली लगेच हाड.

"तू मोज," म्हणाल्या.

तीस-पस्तीस वर्षांत त्यांनी मला तू म्हटलं नव्हतं.

त्यांनी डोळे मिटले. पहिल्या वेळी हाताला काहीतरी लागलं, झोपलेल्या मुलानं कूस बदलावी इतकंच. एक, मी म्हणाले. दोन. तिसऱ्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम आला. चौथ्या वेळी सगळा चेहरा आवळला गेला, जबडा, मान, खुर्चीच्या हातावरची बोटं, सगळं घट्ट झालं. मांडी तेवढी नाही. माझ्या हाताखाली काहीच हललं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मी म्हणाले पाच. पुन्हा काही नाही. सहा. मी मोजत गेले. सात, आठ, नऊ. आवाज स्थिर ठेवायचं मला वर्गात जमायचं, तिथंही जमलं. दहा.

त्यांनी श्वास सोडला. डोळे मिटलेलेच.

"दहा झाल्या का?"

"झाल्या."

त्यांनी डोळे उघडले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पहिल्यापासनं अशीच मोजतीस तू," म्हणाल्या, आणि तोंड खिडकीकडं वळवलं.

खिडकीबाहेर काही नव्हतं. शेजारच्या घराची भिंत आणि तिला टेकवलेली एक सायकल. वंदनानं टॉवेल काढला, पाय खाली घेतला, त्यांच्या खांद्यावरचं पांघरूण सारखं केलं. पेढ्यांचा पुडा तसाच माझ्या मांडीवर होता. आता निघावं म्हणून मी तो स्टुलाच्या बाजूला ठेवला आणि उठले. मुद्दाम नाही. तीन महिन्यांची सवय. हात कशालाच न टेकता, सरळ उभी.

बाईंनी मान वळवलेली मला दिसली. त्या माझ्या तोंडाकडं बघत नव्हत्या. माझ्या गुडघ्यांकडं बघत होत्या, तशाच, जशा फरशीवर उभ्या राहून एकेका पोरीकडं बघायच्या.

मी दारापर्यंत पोचले होते. मागून खुर्चीतून आवाज आला.

"एक."